चित्रपट-मंडळाचे सभासद होणे लाभाचे आहे काय?

निपाणी हे तंबाखूचे गाव आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात आणि कर्नाटकात बहुतेकांना ठाऊक आहे. या गावच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रियांवर एक चित्रपट निघालेला आहे, ही गोष्ट मात्र त्या मानाने थोड्यांना ठाऊक असेल. चित्रपटाचे नाव ‘तंबाखू चाकिला ऊब आली’. साल १९८२. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्या ‘युगांतर’ या बंगलोरच्या समूहाने तो काढला. समूहातील मंडळी काही महिने निपाणीच्या स्त्री-कामगारांच्या सहवासात राहिली. त्यांचे बोलणे त्यांनी ऐकून घेतले, त्यांच्या कामाच्या जागा पाहिल्या, आणि या बायका एकत्र कशा आल्या, त्यांनी संघटना कशी बांधली, याची हकीकत त्यांच्याच तोंडून पडद्यावर आणली. चित्रपट सुमारे पंचवीस मिनिटांचा आहे. त्यात नामांकित नट-नट्या नाहीत, नाच-गाणी नाहीत.

असा चित्रपट शुक्रवारी चित्रपटगृहाला लागत नाही आणि त्याच्या जाहिराती भिंतींवर झळकत नाहीत. पुढे जर्मनीतील बर्लिन शहरच्या ‘आर्सेनल’ या चित्रपट-संस्थेने ‘युगांतर’च्या चित्रपटांचे डिजिटल पद्धतीने पुनरुज्जीवन केले. म्हणजे निपाणीच्या स्त्रियांचे बोलणे जपण्याची व्यवस्था बर्लिनमध्ये झाली. निपाणीच्या माणसाला मात्र तो चित्रपट चार माणसांत बसून, मोठ्या पडद्यावर पाहावयाचा झाला, तर त्याने कोठे जावे?

या प्रश्नाचे जुने आणि अनुभवाने सिद्ध झालेले उत्तर म्हणजे चित्रपट-मंडळ. इंग्रजीत ज्याला फिल्म सोसायटी म्हणतात ती हीच संस्था. अशा मंडळाची वर्षाची वर्गणी भरावी काय, भरल्यास तिच्या मोबदल्यात काय मिळते, आणि सीमाभागातील माणसाला ती परवडते काय, याचा हिशेब मांडून पाहणे उपयोगाचे होईल.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. चित्रपट दाखविणाऱ्या जागा स्थूलमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार नेहमीच्या चित्रपटगृहाचा. तेथे मालकाचा धंदा असतो. जो चित्रपट गर्दी खेचील तो राहतो, जो खेचणार नाही तो दुसऱ्या शुक्रवारी उतरतो. यात मालकाला दोष देण्याचे कारण नाही. विजेचे बिल, नोकरांचे पगार आणि कर त्याला भागवावयाचे असतात. दुसरा प्रकार परदेशांतील मोठ्या शहरांत आढळतो. ही चित्रपटगृहे स्वतंत्र बाण्याची असून निवडक, कलात्मक, जुने अथवा परभाषिक चित्रपट ती नित्य दाखवितात. लंडनचे नॅशनल फिल्म थिएटर १९५२ साली सुरू झाले. न्यूयॉर्कचे ‘फिल्म फोरम’ १९७० सालचे. अशा ठिकाणी तिकीट काढून कोणालाही जाता येते. सभासदाला तिकिटात सवलत मिळते, कार्यक्रमाची पत्रिका घरी येते, आणि त्याच्या वर्गणीने संस्थेला आधार मिळतो.

तिसरा प्रकार चित्रपट-मंडळाचा. त्याचे स्वत:चे चित्रपटगृह बहुधा नसते. एखाद्या महाविद्यालयाचे सभागृह, वाचनालयाचा दिवाणखाना किंवा चित्रपटगृहातील रविवार सकाळची मोकळी वेळ भाड्याने घेऊन ते आपला खेळ करते. तेथे प्रवेश सभासदांनाच असतो, दारावर तिकीट मिळत नाही. आपल्याकडे पहिला प्रकार गावोगाव होता आणि आता घटत चालला आहे. दुसरा अगदी विरळा. मुंबईत नरिमन पॉइंटजवळचे आकाशवाणीचे सभागृह काही वर्षे निवडक चित्रपटांसाठी चालविले जात होते, आणि लोअर परळच्या दीपक टॉकीजमध्येही २०१४ पासून तसा प्रयत्न झाला. परंतु असे दाखले मोजकेच. म्हणून मराठी माणसापुढे सभासदत्वाचा प्रश्न येतो तो मुख्यत: तिसऱ्या प्रकाराच्या, म्हणजे मंडळाच्या संदर्भात.

दारावर तिकीट का मिळत नाही, असे पुष्कळांना वाटते. त्याचे कारण मंडळांच्या इतिहासात आणि कायद्यात सापडते. १९२५ साली लंडनमध्ये काही मंडळींनी ‘फिल्म सोसायटी’ स्थापन केली. तिच्या पाठीराख्यांत बर्नार्ड शॉ आणि एच. जी. वेल्स यांच्यासारखे लेखक होते. त्याच वर्षी रशियात आयझेनस्टाइनने ‘बॅटलशिप पोटेमकिन’ हा चित्रपट काढला. ब्रिटिश सेन्सॉरने १९२६ साली त्याला परवानगी नाकारली. सार्वजनिक चित्रपटगृहात तो दाखविणे अशक्य झाले, तथापि सोसायटीने १९२९ साली तो आपल्या सभासदांना दाखविला. मंडळाचा खेळ हा सर्व जनतेसाठी खुला असलेला खेळ नव्हे, तो एका संस्थेच्या सभासदांपुरता आहे, हे तत्त्व तेथे उपयोगी पडले.

भारतातही या तत्त्वाला आधार आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे चित्रपट जनतेला दाखवावयाचा तर त्यास प्रमाणपत्र लागते. मात्र त्याच कायद्याच्या नवव्या कलमाखाली केंद्र सरकारला काही प्रदर्शनांना अटी घालून सूट देता येते. परदेशी चित्रपट एकदोनदा दाखवावयाचा आणि त्यासाठी प्रमाणपत्राचा सारा खटाटोप करावयाचा, हे छोट्या संस्थेच्या आवाक्याबाहेरचे असते. सभासदांपुरत्या खेळाची वाट त्यामुळे मोकळी झाली. तेव्हा वर्गणीची पावती ही प्रवेशपत्रिका तर आहेच, शिवाय असा खेळ करण्याचा मंडळाचा अधिकारही तिच्यावर उभा आहे.

मंडळाने पाहणाऱ्यांची दृष्टी कशी घडते, याचे मोठे उदाहरण आपल्याच देशात आहे. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. राय त्या वेळी जाहिरातीच्या कचेरीत चित्रकार म्हणून नोकरी करीत होते. १९५० साली ते कामानिमित्त लंडनला गेले असता तेथे त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले. त्यांत इटलीच्या डि सिकाचा ‘बायसिकल थीव्हज’ होता. सायकल चोरीस गेलेल्या एका गरीब कामगाराची आणि त्याच्या लहान मुलाची ती साधी कथा आहे. धंदेवाईक नटांवाचून, रस्त्यावरच्या उजेडात असा चित्रपट निघू शकतो, हे पाहून रायांचा ‘पथेर पांचाली’चा निश्चय पक्का झाला. तो चित्रपट १९५५ साली पडद्यावर आला.

१९५२ च्या जानेवारीत मुंबईत भारतातील पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तेथे ‘बायसिकल थीव्हज’ आपल्याकडील प्रेक्षकांना पाहावयास मिळाला आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. एक चित्रपट पाहिल्याने दुसरा कसा जन्मतो, हे येथे उघड दिसते. १९५९ साली देशभरच्या मंडळांचा महासंघ स्थापन झाला. राय त्याचे अध्यक्ष झाले आणि चिटणिसांत विजया मुळे या मराठी विदुषी होत्या. मुलांसाठी केलेल्या ‘एक अनेक और एकता’ या लघुपटामुळे त्यांचे काम पुढे दूरदर्शनच्या द्वारा घरोघर पोहोचले.

महाराष्ट्रात १९६८ साली मुंबईस ‘प्रभात चित्र मंडळ’ निघाले आणि मराठी रसिकांची एक पिढी त्याच्या खेळांवर वाढली. त्याआधी, १९६४ साली, पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले होते. पी. के. नायर यांनी तेथे देशोदेशींचे चित्रपट जमविले, आणि वाचनालयाने पुस्तके द्यावीत तशा त्यांच्या प्रती मंडळांना देण्याची सोय झाली. २०२२ साली हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. चित्रपट कसा पाहावा हे शिकविणारे गुरुही याच काळात लाभले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. सतीश बहादूर यांनी, आणि कलकत्त्यास १९७० साली ‘चित्रबाणी’ ही संस्था काढणाऱ्या फादर गॅस्तों रोबेर्ज यांनी चित्रपटाच्या आस्वादाला अभ्यासाची शिस्त लावली.

हे सर्व मोठ्या शहरांचे झाले, लहान गावाचा त्याच्याशी काय संबंध, असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. त्याला कर्नाटकातच उत्तर आहे. शिमोगा जिल्ह्यात सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचे खेडे आहे. सुपारीच्या बागांत वसलेले हे गाव निपाणीच्या मानाने कितीतरी लहान. तेथे १९४९ साली ‘नीनासम’ ही नाट्यसंस्था स्थापन झाली आणि के. व्ही. सुब्बण्णा यांनी ती नावारूपास आणली. १९७३ साली याच संस्थेने आपला चित्रपट-समाज काढला. पुढे पुण्याच्या तज्ज्ञांना बोलावून खेड्यातील लोकांसाठी आस्वादाचे वर्ग घेण्यात आले. शेतकरी, शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र बसून देशोदेशींचे चित्रपट पाहू लागले. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. राजधानी बंगलोरमध्ये १९७१ पासून ‘सुचित्रा’ हे मंडळ काम करीत आले असून त्याने बनशंकरी भागात आपली स्वत:ची वास्तू उभारली. चांगला चित्रपट पाहण्यासाठी शहर मोठे असावे लागते, ही समजूत हेग्गोडूने खोटी ठरविली आहे.

आता बेळगाव-निपाणीच्या प्रेक्षकाजवळ कोणत्या वाटा आहेत ते पाहू. निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर आणि बेळगाव सुमारे पाऊणशे किलोमीटर. कोल्हापूर हे तर मराठी चित्रपटाचे माहेरघर. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा, आणि त्या शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम होते. लंडनची सोसायटी आणि रशियाचा ‘पोटेमकिन’ यांचे जे वर्ष, तेच कोल्हापूरच्या या वास्तववादी चित्रपटाचे. ‘प्रभात’ कंपनीही १९२९ साली कोल्हापुरातच जन्मली व १९३३ साली पुण्यास गेली. आजही त्या शहरात कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या नावाची फिल्म सोसायटी आहे आणि तिच्या वतीने आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरविण्यात आले आहेत. निपाणीकराला जवळची वाट ती हीच.

बेळगावकराला आणखी एक वाट आहे, ती चोर्ला घाटातून पणजीला जाणारी. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो. तेथे प्रतिनिधी म्हणून नाव नोंदविले की आठ-नऊ दिवस जगभरचे चित्रपट पाहावयास मिळतात. हेही एक प्रकारचे अल्पमुदतीचे सभासदत्वच म्हणावयाचे. पण वर्षातून एकदा पोटभर जेवणे निराळे आणि रोज दोन घास मिळणे निराळे. महोत्सवात दिवसाला चार-पाच चित्रपट पाहणारा माणूस आठवड्याने त्यांची नावेसुद्धा एकमेकांत मिसळतो. मंडळात महिन्याला एखाद-दुसरा चित्रपट असतो, तो मनात मुरण्यास सवड मिळते.

ज्याने मंडळाचा खेळ कधी पाहिला नाही, त्याला पहिली संध्याकाळ थोडी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. पंचवीस-तीस माणसे, पुष्कळदा लाकडी वा प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्यंतराची घंटा नाही, बटाटेवड्याची लगबग नाही. प्रारंभी कोणीतरी चार-पाच मिनिटे दिग्दर्शकाची आणि त्या काळाची ओळख करून देतो. चित्रपट जपानी किंवा इराणी असेल तर खाली इंग्रजी अक्षरे उमटत असतात. पहिली दहा मिनिटे अक्षरे वाचावीत की चित्र पाहावे, या ओढाताणीत जातात, नंतर डोळ्यांना सवय होते. चित्रपट संथ असेल. गुराख्याचे घरी परतणे, आईचे भांडी घासणे, अशा गोष्टींवर कॅमेरा थांबून राहील. कथा पुढे का सरकत नाही, म्हणून चुळबूळ होते. परंतु तेवढा वेळ शांत बसल्यास त्या घासण्याच्या आवाजात त्या बाईचा सारा दिवस ऐकू येऊ लागतो. शेवटी दिवे लागतात आणि चर्चा सुरू होते. पुष्कळ नवे सभासद येथेच उठून जातात. वस्तुत: वर्गणीचा निम्मा मोबदला या अर्ध्या तासात असतो. शेजारच्या खुर्चीवरील माणसाला त्याच दृश्यात निराळेच काही दिसले, हे कळणे हा एक लहानसा धक्काच असतो, आणि तो हितकारक असतो.

आता पैशाचा हिशेब. समजा, एखाद्या मंडळाची वार्षिक वर्गणी एक हजार रुपये आहे आणि ते महिन्याला दोन याप्रमाणे वर्षाला चोवीस खेळ करते. जो अठरा खेळांना जाईल त्याला एक खेळ सुमारे पंचावन्न रुपयांना पडला. जो चारच खेळांना गेला त्याला अडीचशे रुपयांना पडला. निपाणीच्या माणसाने यात कोल्हापूरचे जाण्या-येण्याचे बसभाडे मिळविले पाहिजे, आणि रात्रीची परतीची गाडी सापडेल की नाही हेही पाहिले पाहिजे. खेळ संध्याकाळी सहाला सुरू होऊन चर्चा साडेनऊपर्यंत चालत असेल, तर त्याला चर्चा सोडून स्थानकाकडे धावावे लागेल. हा तोटा कागदावर दिसत नाही, पण खरा असतो. म्हणून वर्गणी भरण्यापूर्वी आपण वर्षातून किती वेळा खरोखर जाऊ, याचा आकडा प्रामाणिकपणे मांडावा. तो आठ-दहाच्या खाली येत असेल, तर पैशाच्या दृष्टीने सभासदत्व महाग आहे, हे स्पष्ट सांगणेच योग्य.

तथापि पैशाचा हिशेब येथे पुरा पडत नाही. एखादे गुरुजी वर्गणीची पावती खिशात घालीत असता त्यांचे शेजारी दुकानदार काय विचारतील, याची कल्पना सहज करता येईल. “गुरुजी, चित्रपट आवडला नाही तर पैसे परत मिळतात काय हो?” आणि गुरुजी म्हणतील, “अण्णा, वाचनालयाची वर्गणी तुम्ही इतकी वर्षे भरता. तेथली सगळी पुस्तके तुम्हांला आवडली होती काय?” बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे आहे. इतक्या पिढ्यांनी तेथे वर्गणी भरली ती प्रत्येक पुस्तक आपण वाचू म्हणून नव्हे. पुस्तके गावात असावीत, आपल्याला नाही तर शेजाऱ्याच्या मुलाला ती हाताशी लागावीत, हाही त्यामागचा हेतू होता. चित्रपट-मंडळाची वर्गणी याच जातीची आहे. नेहमीच्या चित्रपटगृहात प्रेक्षक तयार मालाची किंमत देतो. मंडळात तो कोणता माल आणावयाचा हे ठरविण्याचा वाटा विकत घेतो. वार्षिक सभेत त्याला मत असते, अमुक चित्रपट आणा असे तो सुचवू शकतो, आणि त्याने आगाऊ दिलेल्या पैशावाचून तो चित्रपट गावात येतच नाही.

यावर आजच्या काळचा आक्षेप असा की, जगातील सारे चित्रपट खिशातील फोनवर मिळत असता मंडळ हवे कशाला? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. फोनवर चित्रपट मिळतो, पण तो निवडून कोण देणार? तेथे पुढे केली जाते ती बहुधा लोकप्रिय वस्तू. शिवाय घरी पाहताना कोणी दार ठोठावते, कुकरची शिट्टी होते, आणि संथ चित्रपट अर्ध्यावर बंद होतो तो कायमचा. मंडळाच्या अंधाऱ्या खोलीत उठून जाण्याची लाज माणसाला बसवून ठेवते, आणि बसून राहिल्यानेच पुष्कळ चित्रपट कळतात. ज्याला एकट्याने, शिस्तीने आणि जाणीवपूर्वक निवड करून पाहण्याची सवय आहे, त्याला मंडळाची गरज कमी. अशी माणसे थोडी असतात.

सीमाभागात या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. येथे मराठी आणि कानडी या दोन भाषा एकाच गल्लीत नांदतात, आणि त्यांच्यावरून वर्षानुवर्षे वादही चालत आलेला आहे. त्या वादाचा निर्णय चित्रपट-मंडळात व्हावयाचा नाही. पण एक गोष्ट तेथे होऊ शकते. १९७० सालचा ‘संस्कार’ हा कानडी चित्रपट प्रथम सेन्सॉरच्या बंदीत अडकला आणि नंतर त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यातील प्रमुख भूमिका गिरीश कार्नाड यांची. तेच कार्नाड १९८२ साली जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ या मराठी चित्रपटात स्मिता पाटील यांच्यासमवेत दिसले. गिरीश कासरवळ्ळी यांचा ‘घटश्राद्ध’ १९७७ चा, चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ चा. हे चित्रपट एका वर्षाच्या कार्यक्रमात एकापाठोपाठ एक लावले, तर मराठी आणि कानडी प्रेक्षक एकाच खोलीत बसून एकमेकांच्या घरातील दु:ख पाहतील. बाजाराच्या हिशेबात असा कार्यक्रम बसत नाही, कारण चित्रपटगृहाला एका भाषेचा गल्ला हवा असतो. तो बसवू शकते केवळ वर्गणीवर चालणारी संस्था.

आणि चित्रपटगृहे तरी किती उरणार? बेळगावच्या कोनवाळ गल्लीतील लोकमान्य रंगमंदिर हे पूर्वीचे ‘रिट्झ’ चित्रपटगृह होते. त्याचे नशीब चांगले म्हणून तेथे नाटके आणि व्याख्याने रंगली. ठिकठिकाणच्या एकपडदा चित्रपटगृहांच्या जागी दुकानांचे गाळे नाहीतर रिकामी मैदाने आली आहेत. उरलेल्या बहुपडदा गृहांत तोच तो चित्रपट चार पडद्यांवर चालतो. अशा वेळी निवडीचा अधिकार प्रेक्षकाने स्वत:कडे न घेतल्यास तो आपोआप दुसऱ्याकडे जातो.

म्हणून सभासद होण्यापूर्वी काय पाहावे, हे थोडक्यात सांगता येईल. गेल्या वर्षी मंडळाने कोणते चित्रपट दाखविले, त्यांची यादी मागावी. यादीत विविध देश, विविध काळ आणि आपल्या भाषांतील चित्रपट आहेत काय ते पाहावे. खेळ ठरल्या दिवशी होतात काय, पडदा आणि आवाज नीट आहे काय, विद्यार्थ्यांना सवलत आहे काय, हिशेब तपासून सभेपुढे मांडला जातो काय, हे विचारावे. चित्रपट दाखविण्याची रीतसर अनुमती मंडळ घेते काय, हेही विचारण्यास संकोच करू नये. विकत आणलेली तबकडी घरी पाहण्याकरिता असते, ती सभागृहात दाखविण्याचा हक्क तिच्याबरोबर मिळत नाही. शक्य असल्यास पाहुणा म्हणून एकदा जाऊन यावे आणि चर्चा संपेपर्यंत बसावे. तेथून परतताना बसमध्ये त्या चित्रपटाचा विचार मनात चालू राहिला, तर वर्गणी भरावी. केवळ झोप आली असेल, तर आणखी एकदा जाऊन पाहावे. दुसऱ्यांदाही तसेच झाले तर हे आपले काम नव्हे, असे समजण्यात कमीपणा नाही.

ज्यांच्या गावात मंडळच नाही, त्यांना एक मार्ग खुला आहे. कर्नाटकाच्या १९६० च्या संस्था-नोंदणी कायद्याप्रमाणे सात माणसे एकत्र आली की संस्था नोंदविता येते. निपाणीची गंमत अशी की, गावच्या मुलांचे देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत उभे आहे. मंडळाची कचेरी रस्त्याच्या या बाजूस ठेवावी की त्या बाजूस, यावर नोंदणीचे राज्य बदलेल, पडद्यावरचा चित्रपट बदलणार नाही. नोंदणीनंतर महासंघाशी संलग्न व्हावे, एखादे सभागृह आणि प्रक्षेपक मिळवावा, आणि मोठ्या संकल्पाच्या मागे न लागता महिन्याला एक खेळ नेमाने करावा. मंडळे बुडतात ती बहुधा चित्रपटांच्या अभावी नव्हे. पहिल्या वर्षीचा उत्साह ओसरल्यावर खुर्च्या मांडणारे दोनच हात उरतात, तेव्हा ती बुडतात. म्हणून वर्गणीबरोबर खुर्च्या मांडण्याची तयारीही सभासदाने दिली, तर ते सभासदत्व खरे.

तात्पर्य, जो वर्षातून आठ-दहा वेळा जाऊ शकतो आणि दिवे लागल्यावर अर्धा तास थांबू शकतो, त्याने सभासद व्हावे. त्याचे पैसे वसूल होतील. जो इतक्या वेळा जाऊ शकत नाही, पण आपल्या गावात निवडक चित्रपट यावेत असे ज्याला वाटते, त्यानेही वाचनालयाच्या वर्गणीसारखी ती भरावी, मात्र हिशेबाची अपेक्षा न ठेवता. आणि निपाणीत असे मंडळ निघालेच, तर पहिल्या खेळाला कोणता चित्रपट लावावा हे शोधण्यास लांब जावयास नको. तो पंचवीस मिनिटांचाच आहे. वखारींत आयुष्य घालविलेल्या ज्या बायका आज आजी झाल्या असतील, त्यांना पुढच्या रांगेत बसवावे, त्यांच्याकडून वर्गणी घेऊ नये, आणि खेळ संपल्यावर चर्चेचा पहिला शब्द त्यांना बोलू द्यावा.